१७ अंकी नंबरचे अवयव हाताने कसे पाडायचे

ग्रुपवर कोणीतरी मोठा नंबर टाकतं, विचारतं ही मूळ संख्या आहे का, आणि लगेच सगळे मोबाईल कॅल्क्युलेटर उघडतात. ते थोडं थांबून करा. उदाहरणाला १२३४५६७८९८७६५४३२१ घेऊया. देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर यांच्या डेम्लो संख्यांपैकी आहे हा, आणि ज्यावरून त्यांनी हे नाव दिलं ते डेम्लो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेचं स्टेशन, आताची डोंबिवली, तेव्हा सेंट्रल लाइनवाल्यांनी तरी पाठच करावा.

शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो. इथपर्यंत शाळेतलंच आहे.

आता खरी मजा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. नुसती बेरीज केली तर २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट, आणि ९९९ = २७ × ३७, म्हणून नंबरला २७ नेही भाग जातो आणि ३७ नेही. तेच गट उजवीकडून एक आड एक अधिक-वजा करा, ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे आता फक्त ३०९ तपासायचा, त्याला तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही, एका फटक्यात तिघं बाद. लोकलमध्ये उभ्याउभ्या होण्यासारखं काम आहे.

पुढे वर्ग आहे का बघायचं, हे लोक हमखास विसरतात. हा १११११११११ चा वर्ग आहे, आणि १११११११११ हा १११ × १००१००१ असा फुटतो. १११ = ३ × ३७, १००१००१ = ३ × ३३३६६७. शेवटचा मूळ आहे, खात्री करायची तर ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा (मी ते पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवर ढकलतो). वर्गात प्रत्येक घात दुप्पट होतो, म्हणजे ३ चा घात ४, ३७ चा २, ३३३६६७ चा २. घातांकांत एकेक मिळवून गुणा, ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच येते, उत्तर बरोबर आलं का हे ताडायला बरं पडतं.

एक्सेलमध्ये मात्र टाकू नका, तो १५ अंकच धरतो, शेवटचे दोन शून्य करून टाकतो आणि मग नंबरला १०० ने भाग जातो असं छातीठोकपणे सांगतो. पायथॉनला अंकांची मर्यादा नाही.

नंबर २१ अंकी झाला की हाताने करणं सोडून द्या. २ चा ६७ वा घात वजा १ घ्या, गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्यांच्या यादीत घातला, ल्युकासने १८७६ मध्ये संयुक्त ठरवला पण अवयव न देता, ते कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अवयव न पाडता संयुक्त ठरवायचं तर फर्माची कसोटी लावा, ३ चा (नंबर − १) वा घात करून नंबरने भागा, बाकी १ नाही आली की संयुक्त, विषय संपला. इथे ३ च घ्या, कारण २ घेतलात तर बाकी १ येते आणि हा नंबर मूळ असल्यासारखा दिसतो.