थंडी-पावसात घरभर खोकला पसरू नये म्हणून काय करायचं

पोरगं पावसात भिजलं आन सर्दी झाली असं घरोघरी म्हणतात, पण नुसतं भिजून काही होत नाही, विषाणू लागतोच. हवामान फक्त त्याला पसरायला मदत करतं.

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा वाढतो, पावसाळ्यात आणि साधारण जानेवारी ते मार्च. 2009 ला स्वाइन फ्लू ऑगस्टमध्ये भडकला होता, 2015 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये. थंड कोरड्या हवेत खोकल्यातले थेंब पटकन सुकून बारीक होतात, खाली न बसता तरंगत राहतात, विषाणू जास्त वेळ टिकतो आणि वरून आपलंबी नाक कोरडं पडलेलं. पावसाळ्यात मात्र हवा ओली, तिथं मेन लफडं म्हणजे दारं-खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत.

म्हणून आधी खिडकीकडं बघा. परभणीकडं पहाटे कितीबी गारठा असू द्या, दुपारी ऊन असतंच, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. आजारी माणसाच्या खोलीतली एक खिडकी रात्रीबी चार बोटं उघडी ठेवा, त्याला पांघरूण जास्त द्या. पाऊस असेल तर झड येत नाही त्या बाजूची उघडा. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर साणं, म्हणजे छतातलं उजेड-वाऱ्याचं भोक, कायमचं झाकून टाकू नका, पाऊस थांबला की लगेच उघडं करा.

येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात पन्नास माणसं आंबील-भज्जीला बसली तरी मोकळ्या हवेत धोका कमीच, खरी गडबड जाताना होते, काचा बंद केलेल्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कुणीतरी खोकायलंय. काच थोडी खाली घ्या, खोकणाऱ्याला मास्क द्या, राग आला तर येऊ द्या.

उन्हाळ्यात बिनधास्त राहू नका, कोरोनाची दुसरी लाट 2021 च्या एप्रिल-मेमध्येच आली होती. कूलर खिडकीत बाहेरून बसवा म्हणजे ताजी हवा आत येते, साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो.

म्हातारी माणसं, गरोदर बाया, शुगर-दमावाले यांनी डॉक्टरला विचारून फ्लूची लस मे महिन्यातच घ्यावी, कारण अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते.

दम लागायला, छातीत दुखायला, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही तर दवाखाना गाठा, शेजाऱ्याच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या खात बसू नका, विषाणूवर त्या चालतच नाहीत.