बिनपिनांचा जोड: पाण्याखाली वीज आणि माहिती पोचवणारी कॉइलची जोडी बडोद्यात कशी बनवावी

एका प्लास्टिकच्या वाटीत मिठाचं पाणी घ्या, त्यात पितळेच्या दोन पिना बोटभर अंतरावर बुडवा आणि १२ व्होल्टची बॅटरी जोडा. लगेच एका पिनेवर बारीक बुडबुड्यांची दाटी होते. दुसरीभोवती हिरवट गाळ सुटू लागतो, आणि ती पिन थोड्याच वेळात खडबडीत होऊन झिजायला लागते. हा प्रयोग खिडकी उघडी ठेवून करा, कारण त्यातून थोडा क्लोरीनही निघतो. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या सेन्सरला किंवा पाण्याखालच्या वाहनाला साध्या कनेक्टरने वीज देता येत नाही, ते यामुळेच. तेलाने भरलेल्या रबरी पिशवीत पिना झाकून पाण्यातच जोडता येणारे कनेक्टर मिळतात, पण त्यांची किंमत विद्यार्थ्यांच्या किंवा छोट्या कारखान्याच्या आवाक्यातली नाही. चुंबकीय जोडात उघडा धातूच नसतो. एका कॉइलमधून निघालेलं क्षेत्र प्लास्टिक, पाणी आणि पुन्हा प्लास्टिक पार करून दुसऱ्या कॉइलमध्ये उतरतं.

इथे दिलेली जोडी १२ व्होल्टवर साधारण ८ वॅट पोचवते आणि ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, माहिती नेते. बडोदा समुद्रापासून दूर असलं तरी या कामाला शहर फार सोयीचं आहे. ट्रान्सफॉर्मरचे कारखाने इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, त्यामुळे वाइंडिंग, रेझिन आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) यांची जाण असलेले हात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सहज भेटतात. या जोडीचं नव्वद टक्के यश त्या तीन गोष्टींवर ठरतं. सर्किट हा तुलनेने सोपा भाग आहे.

फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्‌झच का?

खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यात हळूहळू विझतं. १०० किलोहर्ट्‌झला हे विझणं सुमारे ७५ सेंटिमीटर अंतरावर जाणवतं, म्हणजे आपल्या सेंटिमीटरभर फटीला त्याचा त्रास जवळजवळ नाही. १३.५६ मेगाहर्ट्‌झवर, जिथे मोबाइलचं एनएफसी चालतं, तेच अंतर ६-७ सेंटिमीटरवर येतं आणि फटीतलं पाणीच तापायला लागतं. उलट २० किलोहर्ट्‌झवर गेलात तर तेवढ्याच शक्तीसाठी कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही मोठे लागतात. सुरुवातीला १०० किलोहर्ट्‌झ सोडू नका.

कॉइल

दोन्ही बाजूंची कॉइल सारखीच: चपटी, आतला व्यास ४० मिलिमीटर, बाहेरचा ८०, वेढे १५. तार लिट्झची, म्हणजे वेगवेगळं इन्सुलेशन असलेल्या बारीक धाग्यांची, बाहेरून १.३ मिलिमीटर जाड. इंडक्शन शेगडी दुरुस्त करणाऱ्यांकडे जुन्या शेगडीची कॉइल मिळाली तर तिची लिट्झ तार आणि खालच्या फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) पट्ट्या दोन्ही वापरता येतात. साधारण ४० मिलिमीटर लांबीच्या सहा पट्ट्या कॉइलच्या मागे चाकाच्या आऱ्यांसारख्या बसवा आणि मध्ये २० मिलिमीटरची जागा मोकळी सोडा. प्रकाशाची खिडकी तिथे येणार आहे.

नुसत्या कॉइलचं इंडक्टन्स १७ मायक्रोहेन्रीच्या आसपास भरतं, फेराइट लावल्यावर ते २५ ते ३० व्हायला हवं. पुढचे आकडे २८ धरून दिले आहेत. आता दोन्ही कॉइल समोरासमोर, एकीच्या तारेपासून दुसरीच्या तारेपर्यंत १० मिलिमीटर अंतरावर ठेवा. त्या सिरीजमध्ये एकदा सुलट आणि एकदा उलट जोडून एलसीआर मीटरवर मोजा. सुलट ७८ आणि उलट ३४ आलं तर फरक ४४, त्याचा चौथा हिस्सा ११ मायक्रोहेन्री. दोघींमधलं हे परस्पर इंडक्टन्स. ते ९ च्या खाली असेल तर पट्ट्यांची मांडणी तपासा. बहुतेक वेळा एखादी पट्टी तडकलेली निघते.

प्रत्येक कॉइलला सिरीजमध्ये ४७ नॅनोफॅरडचे दोन पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर समांतर जोडून लावा, ६३० व्होल्टचे. अनुनाद, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एका सुरात येण्याची जागा, ९८ किलोहर्ट्‌झला येतो. सिरॅमिक चकती इथे चालत नाही. ती तापते, तापली की तिची धारिता (कपॅसिटन्स) सरकते, आणि मांडणी सुरातून निघते.

ड्रायव्हर, आणि इथला उलटा न्याय

इन्व्हर्टरमध्ये असते तीच एसजी३५२५ चिप घ्या. पाचव्या पायावर १ नॅनोफॅरड, सहाव्यावर ४.७ किलोओहमच्या सिरीजमध्ये ५ किलोओहमचा प्रिसेट. चिपचा ऑसिलेटर २०० किलोहर्ट्‌झवर चालतो, कारण प्रत्येक आउटपुट त्याच्या निम्म्या गतीने चालू-बंद होतं. ही गोष्ट विसरून ऑसिलेटर १०० वर लावणारे पुष्कळ भेटतात आणि मग कॉइल गप्प का म्हणून तासन्‌तास शोधत बसतात. पुढे मोसफेट हाकणारी आयआर२११० चिप, एकावर एक (हाफ-ब्रिजमध्ये) दोन आयआरएफझेड४४एन मोसफेट, म्हणजे झटपट चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर, प्रत्येकाच्या गेटला १० ओहम. प्रिसेट फिरवून कॉइलची गती अनुनादाच्या थोडी वर, १०२-१०३ किलोहर्ट्‌झला ठेवा. अनुनादाच्या खाली उतरलात तर मोसफेट भरल्या व्होल्टेजवर चालू होतात आणि बोट लावता येणार नाही इतके तापतात.

आता नीट लक्ष द्या, बहुतेक जोड्या इथेच जळतात. दोन्ही बाजूंना सिरीज कपॅसिटर असलेली ही मांडणी रिसीव्हरच्या टोकाला ठरावीक प्रवाह देते, ठरावीक व्होल्टेज नाही. आपल्या आकड्यांत तो प्रवाह सुमारे ०.७ अँपिअर आहे. यातून दोन विचित्र परिणाम होतात.

पहिला ट्रान्समीटरच्या बाजूचा. समोर रिसीव्हर नसला तर आपण म्हणू, भारच नाही, मग चिंता कसली. प्रत्यक्षात त्या वेळी प्रवाहाला अडवायला फारसं काही उरत नाही, आणि तो कित्येक अँपिअरवर उसळतो. जोड अलगद दूर नेला तरी तेच. अंतर वाढून परस्पर इंडक्टन्स निम्मं झालं की रिसीव्हरचा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून खालच्या मोसफेटच्या सोर्समध्ये ०.१ ओहमचा रोधक टाका आणि एलएम३९३ या तुलना करणाऱ्या चिपने (कंपॅरेटरने) त्यावरचं व्होल्टेज पाहा. ०.४ व्होल्टला, म्हणजे ४ अँपिअरच्या शिखराला, एसजी३५२५ चा दहावा पाय वर ओढून सगळं बंद झालं पाहिजे. अर्ध्या सेकंदाने ते आपोआप पुन्हा चाचपून बघेल, समोर रिसीव्हर असेल तर चालू राहील. याशिवाय पुरवठ्यात २ अँपिअरचा फ्यूज हवाच. टेबलावरच्या पहिल्या चाचण्या १.५ अँपिअरची मर्यादा लावलेल्या पॉवर सप्लायवर घ्या.

दुसरा परिणाम रिसीव्हरच्या बाजूचा. तिथला भार सुटला की ०.७ अँपिअरला वाट राहत नाही, व्होल्टेज चढत जातं आणि फिल्टरचा कपॅसिटर फुटतो. हे थांबवायला मोठा झेनर (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) लावायचा मोह होतो. पण २४ व्होल्टच्या झेनरवर ०.७ अँपिअर म्हणजे सतत १७ वॅट, तो काही मिनिटांत जातो. खरा उपाय ऐकायला धाडसी वाटतो: रिसीव्हर शॉर्ट करा. या मांडणीत रिसीव्हर शॉर्ट झाला की ट्रान्समीटरला समोर मोठा रोध दिसतो आणि त्याचाही प्रवाह उतरतो. शॉर्ट ही इथे सुरक्षित अवस्था आहे, उघडं टोक धोक्याचं. चार एसबी५६० डायोडचा ब्रिज, ब्रिजच्या तोंडावर शॉर्ट करणारा आयआरएलझेड४४एन मोसफेट, त्यानंतर एक एसबी५६० आणि मग ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरवर १३ व्होल्ट झाले की मोसफेट चालू, १२ ला उतरले की बंद. मधला डायोड विसरलात तर मोसफेट कपॅसिटरलाच शॉर्ट करेल.

माहितीसाठी प्रकाश

ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच संपते. एका सेंटिमीटरच्या फटीत ती तगते, पण त्यासाठी आख्खा रेडिओ कशाला? मधल्या मोकळ्या जागेत एका बाजूला हिरवा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड बसवा. माहिती दोन्हीकडून हवी असेल तर दोन जोड्या. फोटोडायोडला १०० किलोओहम, त्याला समांतर १०० पिकोफॅरड, पुढे एलएम३९३. तो छोटा कपॅसिटर लावाच. नाही तर कॉइलचं क्षेत्र फोटोडायोडच्या तारांत घुसतं आणि रिसीव्हरला १०० किलोहर्ट्‌झची कचकच दिसते. त्या तारा पीळ देऊन आखूड ठेवा. रिमोटमधला इन्फ्रारेड एलईडी घेऊ नका, ९४० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी स्वतःच शोषतं.

खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला जाऊन आलेल्यांनी ते पाणी पाहिलंच असेल. भरतीत तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बुडतं, आणि ओहोटीत लिंग पुन्हा दिसतं तेव्हा त्यावर चिखलाचा थर असतो. त्या आखातातला गाळ असा आहे. पाण्यात तरंगणारा गाळ सेंटिमीटरभर फटीत प्रकाश अडवत नाही, पण खिडकीवर बसलेला थर अडवतो. म्हणून खिडकीचं तोंड आडवं ठेवा, वर कधीही नाही.

पॉटिंग, म्हणजे कॉइल रेझिनमध्ये ओतून बंद करणं: इथे घाई केली की सगळं गेलं

साचा म्हणून ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचं टोपण घ्या. पॉलिप्रॉपिलीन, एचडीपीई किंवा डेलरिनची वाटी दिसायला सुबक, पण इपॉक्सी त्यांना चिकटत नाही. कडेला केसाएवढी फट राहते आणि तीच पाण्याची वाट होते. पीव्हीसी आतून ८० नंबरच्या कागदाने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका.

केबल हा सर्वांत दुर्लक्षित भाग. बाहेरून वेष्टण धडधाकट असलं तरी पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आत चढतं. वाटीत येणाऱ्या केबलचं इन्सुलेशन १० मिलिमीटर सोला, उघडे धागे कथिलाने पूर्ण भरा, आणि तो भरलेला तुकडा इपॉक्सीच्या पोटात राहील असा ठेवा. लिट्झच्या टोकांनाही तेच. केबलचं वेष्टण शक्यतो पॉलियुरेथेनचं घ्या आणि तेही घासा.

फेराइटवर आधी मिलिमीटरभर मऊ सिलिकॉनचा हात द्या. इपॉक्सी घट्ट होताना आक्रसतं, आणि ठिसूळ पट्टी त्या ताणाने तडकते. मग रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर, उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात. चमच्याने अंदाज घेऊ नका. एका वाटीला सुमारे २०० ग्रॅम लागतं. ते एकदम ओतलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, मिश्रण पिवळं पडतं, कधी चक्क धुरावतं आणि थंड होताना भेगाळतं. ८ ते १० मिलिमीटरचे थर द्या आणि मागचा थर बोटाला चिकट लागतोय तोवर पुढचा ओता.

बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळिशीला टेकलेला असताना, डब्यावर लिहिलेल्या कामाच्या वेळेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात मिश्रण घट्ट होतं, तेव्हा ओतकाम पहाटे करा. पावसाळ्यात हार्डनर हवेतला ओलावा ओढतो आणि वर दुधी, तेलकट साय येते. पुढचा थर त्या सायीला धरत नाही. उत्तरायणाच्या आसपासची कोरडी हवा उत्तम, फक्त तेव्हा रेझिनचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या.

बुडबुडे खोलीवर घात करतात. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. बुडबुड्याचा पोकळ खळगा तो सोसत नाही आणि भोवतालचं इपॉक्सी आत दबून तारेपर्यंत चीर जाते. व्हॅक्यूम पंप असेल तर मिश्रण ओतण्याआधी १० मिनिटं त्यात ठेवा, ते फुगून वर येईल, म्हणून भांडं चौपट मोठं घ्या. पंप नसेल तर हातभर उंचीवरून सुतासारखी धार एकाच कोपऱ्यात सोडा, बुडबुडे त्या धारेतच मोडतात. कॉइलसमोर इपॉक्सीचा थर पूर्ण ३ मिलिमीटर हवा. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास असल्यामुळे पातळ थराआडून कॉइलची स्वतःची धारिता वाढते आणि सूर सरकतो.

चाचणी

२० लिटरच्या प्लास्टिक टबात ७०० ग्रॅम मीठ विरघळवा. स्टीलचं पातेलं किंवा घमेलं नको, कॉइल त्यालाच शेगडीसारखं तापवेल. जोड धरायला लोखंडी क्लॅम्प किंवा स्क्रू वापरले तरी तीच गत. सर्किट सोडवून वाटी २४ तास बुडवा. मग केबलची सगळी टोकं एकत्र करून त्यांच्यात आणि पाण्यात सोडलेल्या एका तारेत ५०० व्होल्टचा मेगर लावा. १०० मेगओहमच्या वर आलं तर पुढे जा. ५ किंवा १० आलं तर “चालेल” म्हणू नका, तो आकडा उद्या शून्य होतो.

चालू जोडीची कार्यक्षमता आधी हवेत मोजा, ७५ ते ८५ टक्के यायला हवी, मग तेवढ्याच फटीत खाऱ्या पाण्यात. दोन्हींत एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर दोष फटीतल्या पाण्याचा नाही, पाणी वाटीच्या आत शिरलंय.

खोलीची चाचणी पाइपलाइनवाल्यांच्या हातपंपाने, हायड्रो टेस्ट पंपाने करा. १० बार म्हणजे सुमारे १०० मीटर खोली. भांडं पूर्ण पाण्याने भरून हवा काढूनच दाब द्या. कॉम्प्रेसरची हवा चुकूनही नको. दाबलेली हवा भांडं फुटताना तुकडे गोळीसारखे फेकते, पाणी तसं करत नाही. तासभर दाब धरून इंडक्टन्स मोजत राहा.

सुरुवातीचे तीन आकडे, इंडक्टन्स, तारेचा रोध आणि मेगर, प्रत्येक वाटीच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढे कधी जोडी बिघडली आणि इंडक्टन्स तसंच पण मेगर खाली आला असेल, तर पाणी केबलमधून शिरलंय. इंडक्टन्स उतरलं आणि मेगर ठीक असेल तर फेराइट तडकलंय. दोन्ही बदलले असतील तर इपॉक्सीलाच चीर गेली आहे, आणि ती वाटी नव्याने ओतावी लागेल.