'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर अभिप्राय कसा लिहावा

अगाथा ख्रिस्ती यांची ही कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून वाचकांमध्ये तिच्याविषयी दोन तट पडलेले आहेत. एका तटाच्या मते तिचा शेवट रहस्यकथेच्या इतिहासातील सर्वांत धाडसी शेवट आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की लेखिकेने वाचकाशी सरळ व्यवहार केलेला नाही. यांपैकी कोणत्याही बाजूने अभिप्राय लिहायचा असेल, तर 'शेवट वाचून थक्क झालो' किंवा 'फसवणूक झाली' एवढे म्हणून भागत नाही. आपले मत कशावर उभे आहे हे दाखवावे लागते, आणि ते दाखवताना गुन्हेगाराचे नाव फोडायचे नसते. अडचण नेमकी येथेच आहे.

पहिले वाचन संपताच अभिप्राय लिहायला बसू नये. शेवटच्या प्रकरणाचा धक्का इतका जबर असतो की त्या भरात आलेले मत पुस्तकाविषयी कमी आणि धक्क्याविषयी अधिक असते. काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी. या पुस्तकाच्या बाबतीत दुसरे वाचन हेच खरे परीक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत: एका बाजूला छापील मजकुरात प्रत्यक्ष काय सांगितले आहे ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या वाचनात आपण त्यावरून काय गृहीत धरले होते ते लिहावे. अ‍ॅक्रॉइड यांच्या अभ्यासिकेत खुनाच्या रात्री कोण कधी गेले, साडेनऊ वाजता आतून आवाज कोणी ऐकला, भिंतीशी असणारी खुर्ची पुढे का ओढली गेली होती, या प्रत्येक नोंदीला असे दोन भाग पाडता येतात. मजकुरात एखादे विधान उघडउघड खोटे आढळले, तर फसवणुकीचा आरोप टिकतो. विधान खरे असून अर्थ आपण चुकीचा लावला असेल, तर तो आरोप मागे घ्यावा लागतो. अशा चार-पाच जागा हाताशी आल्या की अभिप्रायाला पाया मिळतो, मग निष्कर्ष कोणताही असो.

न्याय्य-अन्याय्यतेची चर्चा करताना कालक्रमाकडे लक्ष द्यावे. गुप्तहेराने हाती आलेला प्रत्येक दुवा वाचकापुढे ठेवलाच पाहिजे, यांसारखे नियम पुष्कळ वाचक आधार म्हणून पुढे करतात. रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांचे रहस्यकथालेखनाचे वीस नियम १९२८चे आहेत आणि तसेच रहस्यकथाकार असलेल्या रोनाल्ड नॉक्स यांचे दहा नियम १९२९चे. म्हणजे दोन्ही या कादंबरीनंतरचे. नंतर आलेल्या नियमांनी आधीच्या पुस्तकाला दोषी ठरवणे योग्य नव्हे. फार तर असे म्हणता येईल की हे नियम लिहिले जात होते तेव्हा या कादंबरीवरचा वाद ताजा होता. रहस्यकथालेखिका डॉरोथी सेयर्स यांनी मात्र त्याच काळात ख्रिस्ती यांची बाजू घेतली: प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच पटतो. संशय घेण्याची जबाबदारी वाचकाची असली, तरी संशयाला पुरेसे कारण देण्याची जबाबदारी लेखिकेची आहे, आणि ते कारण पुस्तकात आहे की नाही हे वर सांगितलेल्या वहीवरूनच ठरते.

विरोधी मतांचा दाखला देताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ साली 'द न्यू यॉर्कर'मध्ये रहस्यकथांवर कडक टीका केली आणि लेखाच्या शीर्षकातच 'रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची कोणाला पर्वा आहे' असा प्रश्न विचारला. हा लेख या कादंबरीविरुद्धचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत होतो; वास्तविक त्यांचा रोख एकूण रहस्यकथेवर आहे, या कादंबरीच्या चिकित्सेवर नाही. उलट बाजूला, ब्रिटनमधील क्राइम रायटर्स असोसिएशनच्या सदस्यांनी २०१३ साली हिला आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून कौल दिला. तो कौल लेखकांचा आहे, सर्वसामान्य वाचकांचा नाही, हेही नमूद करावे. फ्रेंच अभ्यासक पियेर बायार यांनी तर १९९८ साली एक संपूर्ण पुस्तक लिहून कादंबरीतला गुप्तहेर हर्क्यूल पायरो याचा निष्कर्षच चुकीचा असल्याचे मांडले. ते पुस्तक आपले दुसरे वाचन पूर्ण झाल्यावरच हाती घ्यावे, कारण त्यात काहीही राखून ठेवलेले नाही.

शेवटावरच्या वादात कादंबरीतला उरलेला ऐवज झाकला जातो, आणि बहुतेक अभिप्राय येथेच तोकडे पडतात. किंग्ज अ‍ॅबट हे गाव, तेथे भोपळ्याच्या जातीच्या भाज्या लावून निवृत्तीचे दिवस काढू पाहणारा पायरो, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे गावातले डॉक्टर शेपर्ड यांची बहीण कॅरोलाइन. घराबाहेर फारसे न पडता दूधवाल्यापासून मोलकरणीपर्यंत सर्वांकडून गावाची खबर मिळवणारी ही बाई ख्रिस्ती यांची स्वतःची आवडती होती, आणि पुढे मिस मार्पल हे गुन्हे उलगडणाऱ्या वृद्ध बाईचे पात्र तिच्यातूनच सुचले असावे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. माहजाँग हा सोंगट्यांचा चिनी खेळ खेळता खेळता चौघे जण संशयितांविषयी कुजबुजतात ते प्रकरण गुन्ह्याच्या उलगड्यासाठी जितके आवश्यक आहे, त्याहून अधिक एका छोट्या गावाच्या स्वभावासाठी आवश्यक आहे. अभिप्रायात कॅरोलाइनला एक परिच्छेद अवश्य द्यावा. उणिवाही लिहाव्यात: मधल्या भागात प्रत्येक पात्र काही ना काही लपवते आणि पायरो ते एकेक करून उघड करतो, त्यामुळे तेथे कथेची गती मंदावते.

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारांवर वाढलेल्या मराठी वाचकाने आपली अपेक्षा काय होती ते सुरुवातीलाच स्पष्ट करावे. पाठलाग आणि साहस यांच्या ओढीने आलेल्याला हे पुस्तक संथ वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो पुस्तकाचा दोष नव्हे.

रहस्य राखण्याची रीत साधी आहे. पहिल्या काही प्रकरणांत जे घडते तेवढेच कथानक म्हणून सांगावे: श्रीमती फेरर्स यांचा मृत्यू, त्यांना कोणीतरी पैशांसाठी धमकावत होते ही बातमी, आणि त्यानंतर अ‍ॅक्रॉइड यांचा खून. 'शेवटी असा माणूस निघतो की' अशा धर्तीची वाक्ये पूर्णपणे टाळावीत, कारण त्यातून शक्यता कमी होत जातात आणि चाणाक्ष वाचक उरलेल्या नावावर सहज पोहोचतो. शेवटाची चिकित्सा करायचीच असेल, तर ती वेगळ्या भागात, आधी ठळक सूचना देऊन करावी.

पुस्तक कोणाला सुचवावे हेही लिहावे. ज्याने पायरोची एकही कथा वाचलेली नाही, त्याला मी आधी १९२० सालची 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' वाचायला सांगेन. १९२६चा वाचक पायरोच्या कथांची सवय झालेला होता आणि लेखिकेने त्या सवयीचा हिशेब धरूनच ही कादंबरी रचली आहे. ती सवय नसलेल्या वाचकाला शेवट कळेल, पण त्यामागचे कौशल्य पुरते जाणवणार नाही.