चार कोटी अंकांची मूळ संख्या वहीत कशी तपासायची

ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या अशी आहे: २चा १३,६२,७९,८४१वा घात, वजा १. ती पूर्ण लिहायला वह्यांचे गठ्ठे लागतील. तिचे काही गुण तपासायला आणि ती मूळ ठरवणारी कसोटी शिकायला मात्र एक चौकटीची वही आणि लातूरच्या अडतीवर असतो तसला १२ अंकी कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी अंक मोजा. घातांकाला ०.३०१०२९९९५७ने, म्हणजे २च्या लॉगने गुणा. ४,१०,२४,३१९.९५ येतं. अपूर्णांक सोडून १ मिळवा: ४,१०,२४,३२० अंक. पाठ असलेला ०.३०१०३ इथे वापरू नका, त्याने ४,१०,२४,३२०.५४ येतं आणि एक अंक जास्त मोजला जातो. २च्या घाताच्या शेवटी शून्य कधीच येत नाही, म्हणून १ वजा केल्याने अंक कमी होत नाहीत.

एककाचा अंक सोपा. २च्या घातांचे एकक २, ४, ८, ६ असे फिरतात. घातांकाला ४ने भागून बाकी १ उरते, म्हणजे घाताचा एकक २ आणि आपल्या संख्येचा १.

आता मूळ आहे की नाही, ते. यासाठी लुकास-लेहमर कसोटी लागते; २चा घात वजा १ अशा संख्या मूळ आहेत का, ते ती सांगते. हात बसण्यासाठी ती आधी १२७वर, म्हणजे २चा ७वा घात वजा १ यावर करा. ४ने सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, १२७ने भागून बाकी ठेवा. असं घातांकापेक्षा दोनने कमी वेळा, म्हणजे ५ वेळा. सुरुवातीचा ४ मोजायचा नाही; चूक बहुतेक इथेच होते.

भागाकारही टळतो. १२८ला १२७ने भागलं की बाकी १, म्हणून १२८ने भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज घ्या. ४वरून १४. मग १९४: १+६६=६७. ४४८७: ३५+७=४२. १७६२: १३+९८=१११. १२३१९: ९६+३१=१२७, म्हणजेच ०. शेवटी शून्य आलं, १२७ मूळ.

मधला एक वर्ग चुकला तरी पुढचं सगळं बिघडतं आणि उत्तराकडे बघून ते कळत नाही. म्हणून प्रत्येक वर्गाची अंकबेरीज (एकच अंक उरेपर्यंत) ताडून बघा: ६७ची ४, वर्ग १६, त्याची ७, ४४८९चीही ७.

घातांक ११ घेतला तर नवव्या पायरीला १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त: २३ × ८९. अशा संख्येचा मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवूनच येतो (२२+१, ८८+१), म्हणून मोठ्या संख्येवर कसोटीआधी असे छोटे विभाजक चाळून घ्या.

चार कोटी अंकांवर हीच कसोटी करायला संगणकच लागतो. पुढे त्यावर प्राइम९५ हा मूळ संख्या शोधायचा प्रोग्राम चालवायचा तर मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना त्यातली टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीनवर पूर्ण ताण देऊन चुका होतात का बघायची चाचणी, आधी घ्या. तापलेलं मशीन चुकीचे वर्ग काढू शकतं. लाइट गेली तरी शेवटच्या सेव्हपर्यंतचं काम राहतं. शून्य आलं तर तीच संख्या दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या प्रोग्रामने पुन्हा तपासा.