रेल्वेचे हादरे आणि जमिनीतला ताण: सॉफ्टवेअर उघडण्याआधी

रेल्वेच्या हादऱ्यांवर प्रबंध घेतलेले बहुतेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात मॉडेल बांधायला बसतात. त्याआधी कागद-पेन घ्या. एलएचबी (हल्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा) डबा कपलरसकट, म्हणजे जोडणीसकट, २४ मीटर, एका बोगीतल्या (डब्याखालच्या चार चाकांच्या सांगाड्यातल्या) दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.५६ मीटर, स्लीपर (रुळाखालचे आडवे पट्टे) ६० सेंमीवर. ताशी १३० किमी म्हणजे सेकंदाला ३६.१ मीटर. या वेगाला त्या अंतरांनी भागलं की हादऱ्यांची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती हादरे, कळते: डब्यांमुळे १.५ हर्ट्‌झ, अ‍ॅक्सलमुळे १४, स्लीपरमुळे ६० हर्ट्‌झ येतात. पुढची बरीच कामं या तीन आकड्यांवर ठरतात.

पहिलं म्हणजे उपकरण. बाजारात सहज मिळणारा ४.५ हर्ट्‌झचा जिओफोन (जमिनीच्या हालचालीचा वेग नोंदवणारा सेन्सर) १४ आणि ६० नीट पकडतो. १.५ हर्ट्‌झला मात्र तो खऱ्या वेगाच्या जेमतेम एक नवमांश दाखवतो. रुळाजवळच्या मातीवरचा मोठा ताण याच संथ हालचालीत असतो. त्यामुळे कमी वारंवारितेचा सेन्सर घ्या, नाहीतर प्रतिसादाची दुरुस्ती करूनच आकडे मांडा.

जिओफोन रोवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, जिओफोनचा खिळा भेगेत सैल उभा राहतो आणि नोंदीत त्याचीच खडखड येते. वरची सुटी माती काढा, ओल लागेपर्यंत खणा, जिओफोनवरच्या पातळीदर्शकाचा बुडबुडा मध्यावर आणा, माती हाताने दाबून बसवा. सुरुवातीला सगळे जिओफोन एकाच जागी शेजारी-शेजारी रोवून एक गाडी जाऊ द्या. नोंदी जुळल्या नाहीत तर दोष तिथेच कळतो. मग रुळाच्या मध्यापासून ४, ८, १६, ३२ मीटरवर लावा. रेल्वेची लेखी परवानगी आणि गाडीवर नजर ठेवणारा माणूस, या दोन्हींशिवाय हद्दीत पाऊल टाकू नका. प्रत्येक गाडीची दिशा, कोणती लाइन, इंजिन आणि डबे लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी यातलं काही आठवत नाही.

आता ताण. मालगाडीच्या २२.९ टनी अ‍ॅक्सलचं एक चाक सुमारे ११२ किलोन्यूटन. त्यातला अर्धा भार थेट खालच्या स्लीपरवर, गतीसाठी १.५ ने गुणा: ८४. स्लीपरची एका बाजूची टेकणारी जागा ०.२५ × १ मीटर धरली, तर खडीवर सुमारे ३३५ किलोपास्कल. भार दोनास एक उताराने (दोन खाली, एक बाजूला) पसरतो असं धरून ३० सेंमी खडीखाली ११७ उरतात. ओल्या काळ्या मातीवर हा ताण लाखो वेळा आला की माती पाण्यासकट खडीत चढते आणि ट्रॅकमनला रुळाखाली चिखल दिसतो. मध्ये १ मीटर ब्लँकेट (खडी आणि मातीमधला भरड मातीचा थर) घातलं की याच पद्धतीने २४ येतात. इथे नवखे फसतात. त्या खोलीवर शेजारच्या स्लीपरांचे ताण एकमेकांवर चढतात. ते मिळवले की आकडा जवळपास दुप्पट होतो.

प्रयोगशाळेतली नेहमीची चक्रीय ट्रायअ‍ॅक्शियल चाचणी (मातीच्या दंडगोलाला चहूबाजूंनी दाबून वरून पुन्हापुन्हा भार देणारी) ताण फक्त वर-खाली करते. प्रत्यक्षात चाक येताना कातरताण (मातीचे थर एकमेकांवर सरकवणारा ताण) एका दिशेने, गेल्यावर उलट दिशेने लागतो, म्हणजे मुख्य ताणाची दिशाच फिरते. त्यामुळे कायमची खचण या चाचणीत कमी दिसते. ताणाची दिशा फिरवू शकणारी पोकळ दंडगोलाची चाचणी उपलब्ध नसेल, तर ही मर्यादा प्रबंधात ठळक लिहा.

वेगाचा प्रश्न वेगळा. स्वीडनमध्ये लेड्सगोर्डला १९९० च्या दशकाच्या शेवटी एक्स-२००० गाडी ताशी २०० किमीने, म्हणजे सेकंदाला ५५.६ मीटरने धावू लागली. खालच्या सेंद्रिय चिकणमातीत कातरलहरींचा (आपल्या दिशेला आडवी जमीन हलवत जाणाऱ्या लहरींचा) वेग सेकंदाला जेमतेम ४० मीटर होता. गाडी लहरींना गाठू लागली, रूळ हळू गाडीच्या कितीतरी पट हलू लागला. वेग उतरवावा लागला, आणि शेवटी चुना-सिमेंटचे स्तंभ घालून जमीन घट्ट करावी लागली. खाडीकाठच्या गाळावर काम असेल तर कातरलहरींचा वेग आधी मोजा. पुस्तकातला आकडा उचलू नका.

एवढं झाल्यावर मॉडेल. लहरींचा वेग सेकंदाला १०० मीटर आणि ५० हर्ट्‌झपर्यंत उत्तर हवं, तर लहरलांबी २ मीटर. एका लहरीत आठ-दहा घटक बसायला हवेत, म्हणजे मॉडेलच्या जाळीचा घटक २०-२५ सेंमीपेक्षा मोठा नको. मग मॉडेलची सीमा दुप्पट लांब नेऊन तेच पुन्हा चालवा. १६ मीटरवरचा आकडा बदलला, तर तुम्ही सीमेवरून परतलेल्या लहरी मोजत होता.