चढताना दगड आधी वाजवून बघा

द्राक्षबागांमधून वर जाणाऱ्या चुनखडीच्या डोंगरधारांचे युरोपातले व्हिडिओ पाहून सांगली-साताऱ्याच्या डोंगरात तसंच चढायला जाऊ नका. आपला दगड बेसाल्ट. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो झालाय. मऊ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण दगड अधांतरी राहतो. दिसायला भक्कम, पण मागून सुटलेला.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावाजवळच्या दंडोबा डोंगरावर पायवाटेनं गेलात तर प्रश्नच नाही. पायवाट सोडून हातापायांनी चढायचं असेल, तर वजन टाकण्याआधी प्रत्येक दगडावर मूठ आपटा. टणक, भरीव आवाज आला तर पुढं जा. पोकळ, बद्द वाजला तर हात काढाच. धरलेला दगड खाली दाबायचा, अंगाकडं ओढायचा नाही. दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. गवताचा झुबका मात्र अजिबात धरू नका. पावसाळा सरला की तो मुळासकट हातात येतो. आणि जिथून उतरता येणार नाही, तिथं चढायचंच नाही, कारण उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही.

पायथ्याला तासगाव-मिरजेकडं द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर तिथं सतत फवारण्या चालतात. पानांवर निळसर डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे, असू शकतात. मालकाला विचारून बांधाबांधानं जा, पानांना-घडांना हात लावू नका, आणि डबा खाण्याआधी हात साबणानं धुवा.