परदेशात इंटर्नशिप करायचीय? नाव, व्हिसा आणि एक्सेलच्या या चुका टाळा

ठाण्यातल्या नाहीतर वाशी-नेरूळमधल्या कुठल्याही कॉमर्स कॉलेजच्या कँटीनमध्ये बसा, परदेशी इंटर्नशिपचा विषय निघतोच. बोलणं चालतं ते सीव्ही, लिंक्डइन आणि स्टायपेंडवर. हॅम्बुर्गमधल्या एका मालवाहतूक कंपनीत इंटर्नशिप करून आल्यावर माझं मत असं झालंय की आपली मुलं सीव्हीत फारशी मार खात नाहीत. मार खातात ती कागदपत्रांत, आणि तेही विमानात बसायच्या बरंच आधी.

ऑफर लेटरवर भलतंच आडनाव

हा घोळ खास आपल्याकडचा. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून बहुतेकांच्या वडिलांचं नाव. समजा, मार्कशीटवर 'पाटील अमोल संजय सुनीता' असं आहे. परदेशातल्या एचआरच्या लेखी मुलाचं नाव पाटील आणि आडनाव सुनीता! ईमेलची सुरुवात 'डिअर पाटील' अशी झाली तर हसा आणि सोडून द्या. पण करारपत्रावर 'पाटील सुनीता' छापून आलं तर सही करू नका. व्हिसाच्या वेळी पासपोर्ट आणि करार यांतली नावं जुळली नाहीत की खुलासे देत बसावं लागतं.

पहिल्या अर्जापासून सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा, स्पेलिंगसकट. मार्कशीट पाठवताना सोबत एक ओळ टाका की यातला पहिला शब्द आडनाव आणि शेवटचं नाव आईचं. चूक झालीच असेल तर कंपनीकडून दुरुस्त करार मागून घ्या, त्यांच्यासाठी ते फार मोठं काम नसतं. प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टनाक्यावर हेलपाटे घालणं हा शेवटचा उपाय. आणि चूक पासपोर्टमध्येच असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आजच घ्या, ऑफर यायची वाट बघू नका.

'टुरिस्ट व्हिसावर जा, कोण विचारतंय?'

विचारतात. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाचे, 180 दिवसांतले 90 दिवस हे राहण्याचे असतात, त्यात काम करण्याची परवानगी येत नाही. विनापगारी इंटर्नशिपलाही 'हे काम नाहीच' म्हणून सूट मिळेल, असं गृहीत धरू नका. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जर्मनीत अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिपला तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. अमेरिकेत जे-1 व्हिसा लागतो. त्यासाठीचा डीएस-2019 हा फॉर्म मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था देते, सोबत डीएस-7002 हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो आणि मुदत जास्तीत जास्त 12 महिने. पदवी घेऊन 12 महिने उलटले असतील तर तुम्ही 'इंटर्न' या गटात बसतच नाही, हे अनेकांना अर्ज केल्यावर कळतं. सिंगापूरच्या ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पासला महिन्याला किमान 3,000 सिंगापूर डॉलर पगार दाखवावा लागतो आणि हा पास तीन महिन्यांपुरताच असतो.

म्हणून इंटरव्ह्यूत शेवटी 'काही विचारायचंय का?' असं म्हणतील तेव्हा सरळ विचारा: व्हिसा कोणत्या प्रकारचा, आणि त्याचे कागद कोण देणार? जिथे उत्तरात चालढकल दिसेल तिथे थांबा. थायलंडमधल्या 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग'च्या गलेलठ्ठ ऑफरींबद्दल तर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्या नावाखाली मुलांना सीमेपार म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. बिझनेसच्या विद्यार्थ्याला मोह पडावा असंच ते पदनाम आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कॉलेजचं पत्र: एनओसी पुरत नाही

जर्मनीत 2025 मध्ये किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं, 2026 पासून ते 13.90 झालं. अभ्यासक्रमात अनिवार्य असलेल्या इंटर्नशिपला ते लागू नाही. ऐच्छिक इंटर्नशिपला तीन महिन्यांपर्यंत सूट आहे, त्यापुढे गेली की किमान वेतन द्यावं लागतं. त्यामुळे कंपनीचा पहिला प्रश्न असतो, अनिवार्य की ऐच्छिक? आणि आपल्याकडून जातं काय, तर 'आमची हरकत नाही' एवढं एका ओळीचं पत्र. ते वाचून एचआर इंटर्नशिप ऐच्छिक धरते, आणि सहा महिन्यांची ऑफर तीनवर येते.

तुमच्या अभ्यासक्रमात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहून घ्या: विषयाचं नाव, क्रेडिट, तास, सेमिस्टर. अनिवार्य नसेल तर मात्र तसं दाखवू नका. अभ्यासक्रमाची प्रत मागितली की उघडे पडाल, शिवाय कॉलेजचंही नाव जाईल.

सव्वा की साडेबाराशे?

ऑफिसातली सगळ्यात महागडी चूक आकड्यांची. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब. म्हणजे तिथे 1.250 हे साडेबाराशे आणि 1,250 म्हणजे फक्त सव्वा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंटर्नने न्हावा शेवाहून आलेली दरांची फाइल जर्मन एक्सेलमध्ये तशीच उघडली, तर एका रकान्यात 3.5 च्या जागी '3 मे' दिसायला लागलं. एक्सेलने टिंब पाहून तारीख समजून घेतली होती! बिचारा तासभर सूत्रात चूक शोधत होता. सूत्रं तरी कुठे ओळखीची? तक्त्यातून हवी ती नोंद शोधून देणारं व्हीलुकअप तिथे 'एसफेरवाइस' म्हणून नांदतं आणि कंसातल्या स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो.

अशी फाइल डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा आणि आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीचे आहेत ते तिथेच निवडा. एका रकान्याची बेरीज मूळ फाइलशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. ईमेलमध्ये '1250 युरो' असं विरामचिन्हांशिवाय लिहिलं की कुणाचाच गोंधळ होत नाही. लाख-कोटी आणि 1,25,000 सारखे स्वल्पविराम प्रेझेंटेशनमधून काढून टाका, समोरचा सौजन्याने मान हलवतो पण त्याला काही कळलेलं नसतं.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. बर्लिनच्या सकाळी दहाचा इंटरव्ह्यू हिवाळ्यात आपल्या दुपारी अडीचला असतो, त्यानंतर दीडला.

खोली घेताना पत्त्याच्या नोंदणीला घरमालक सही देणार का, हे आधी विचारा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि पगारासाठी लागणारा टॅक्स नंबर त्यानंतरच येतो. 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, चावी कुरिअर करतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका.

इथलं सिमकार्ड बंद करू नका. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करा आणि बँकेचा ओटीपी येतोय का ते तिथे पोचल्याच्या दिवशीच बघा. नेटबँकिंगचा पासवर्ड विसरल्यावर बाबांना बँकेच्या पंचपाखाडी शाखेत पाठवून काही होत नाही.

कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली माणसं सलग दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातात आणि सुट्टीत ईमेल उघडत नाहीत. निम्मी इंटर्नशिप झाली की सुपरवायझरला फॉर्म दाखवा आणि त्यांच्या रजेच्या तारखा विचारून सहीचा दिवस ठरवून घ्या.